गोदी आणि राष्ट्राची दौलत

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, असा आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी आग्रह धरला. मी पडलो मॅट्रिक शिकलेला शिक्षक. चौतीस वर्षे मुलांस इतिहास व भूगोल शिकविला, एवढीच माझी पुंजी. ज्ञातीतील विद्वानांच्या पंक्तीस बसण्याचा माझा अधिकार नाही, हे जाणूनच हा लेख वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

विषय मला एका विद्यार्थ्याने दिला, आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षे लोटली. वर्गात मुंबई बंदराचा धडा चालू होता. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, माल आपला, बंदर आपले, हमाल आपले, मग जहाज परक्याचे का?" मी त्यास "मोठेपणी कळेल" असे सांगून खाली बसविले. खरी गोष्ट अशी की, त्याचे उत्तर मलाच ठाऊक नव्हते. आपल्या ज्ञातीतील मुंबईस आलेली पहिली पिढी कोकणातून बोटीने आली आणि गिरण्यांत व गोद्यांत कामास लागली. माझे आजोबाही गोदीत सुतार होते. तेव्हा हे उत्तर मला घरातच मिळावयास हवे होते. ते मिळाले नाही म्हणून ग्रंथालयात शोधावे लागले. जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. ज्याच्या घरी बैलगाडी नाही, त्यास बाजाराच्या दिवशी गाडीवाला मागेल ते भाडे द्यावे लागते. आणि धान्याचा भाव पडला तरी भाडे काही पडत नाही. राष्ट्राचेही असेच आहे. वजनाच्या हिशेबाने पाहता भारताच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. तो परक्याच्या जहाजातून गेला, की प्रत्येक टनामागे भाडे परदेशात जाते आणि त्यामागोमाग विम्याचा हप्ताही जातो. दुसरी बाजू जहाज बांधण्याची. जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक गावच असते. त्यास पोलादाचे पत्रे लागतात, इंजिन, पंप, विजेच्या तारा, रंग, साखळदंड, दिशादर्शक यंत्रे, इतकेच काय, स्वयंपाकघरातील भांडीसुद्धा लागतात. एक जहाज गोदीत उभे राहिले म्हणजे गोदीबाहेरच्या शेकडो कारखान्यांस काम मिळते. जहाज भाड्याने घेणारा देश फक्त भाडे गमावतो. ते परदेशी विकत घेणारा देश भाडे वाचवितो, पण ही सारी मजुरी दुसऱ्याच्या घरी पाठवितो.

आपल्या पूर्वजांस हे कळत नव्हते असे नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींनी आरमाराची उभारणी आरंभिली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याच्या लाकडाचीही व्यवस्था सांगितली आहे. सागवानादी झाडे सरकारी परवानगीने तोडावी, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावी. परंतु रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात; एखादे झाड फारच जुने झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. आरमाराचा हिशेब रयतेच्या परसापर्यंत नेणारा हा उतारा मी वर्गात नेहमी समजावून सांगत असे. जहाजाचा उद्योग जंगलापासून सुरू होतो, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

ते आरमार पुढे आपल्याच भाऊबंदकीत जळाले. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले. विजयदुर्गापुढे वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांचा मारा चालू असता एका जहाजास आग लागली आणि दोरखंडांनी एकत्र बांधलेली सारी गलबते भस्मसात झाली. त्याविषयी अधिक लिहिण्यास हात वळत नाही.

त्याच्या वीस वर्षे आधी मुंबईत एक निराळीच गोष्ट सुरू झाली होती, आणि माझ्या मते विषयाचे मर्म तिच्यात आहे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर काही सुतारांसह सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या देखरेखीखाली गोदी वाढली. १७५० साली येथे आशिया खंडातील पहिली कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे दगडी बांधणीचा प्रचंड हौद. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दार लावून पाणी काढून टाकावयाचे आणि तळापासून दुरुस्ती करावयाची. मुंबईस भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने हे काम येथे सोयीचे झाले. लवजींच्या वंशजांनी मुख्य मिस्त्रीची जागा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि त्या घराण्याच्या हातून सुमारे दीड शतकात साडेतीनशेच्या आसपास जहाजे उतरली.

या जहाजांचे वैशिष्ट्य मलबारच्या सागवानात होते. इंग्लंडात जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची होत. त्या लाकडात तुरट आम्ल असते, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे व बोल्ट गंजून जातात. सागात नैसर्गिक तेल असल्याने लोखंड टिकते आणि लाकूडही सहसा किडत नाही. "साग पाण्यात म्हातारा होत नाही," असे माझे आजोबा म्हणत. लहानपणी मला ती बढाई वाटे. पुढे वाचनात आले की, नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्लंडला ओकची टंचाई भासू लागली, तेव्हा ब्रिटिश आरमाराने आपली मोठी लढाऊ जहाजे मुंबईस बांधावयास दिली. १८१० साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ७४ तोफांचे 'मिंडेन' पाण्यात सोडले. १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' झाले, १८१५ मध्ये 'वेलस्ली'. १८२४ मध्ये उतरलेले 'एशिया' हे १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाणाचे जहाज होते.

'त्रिंकोमाली' या जहाजाची कथा तर सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजाने निघाले, ते १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत जिंकून नष्ट केले, म्हणून आराखडे पुन्हा पाठवावे लागले. जहाज १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईस पाण्यात उतरले. ते अजून तरंगते आहे! इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते जपून ठेवले आहे, आणि पाण्यावर असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत ते सर्वांत जुने आहे. 'वेलस्ली' १९४० साली जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले, तेव्हा त्याचे वय सव्वाशे वर्षांचे होते. आजोबांची क्षमा मागावीशी वाटते.

पण या वैभवाचा ताळेबंद मांडला तर काय दिसते? कारागीर आपले, सुतार-लोहार आपले, लाकूड आपल्या भूमीचे. जहाजाचा धनी मात्र लंडनचा. कारागिरास मजुरी मिळाली, मुख्य मिस्त्रीस मानाची शाल आणि चांदीची मोजपट्टी मिळाली. भाडे, व्यापार आणि समुद्रावरची सत्ता जहाजाबरोबर निघून गेली. 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ साली चीनच्या माथी नानकिंगचा तह मारण्यात आला, तोही अफूच्या युद्धानंतर. आपल्या सुतारांच्या हातचे काम कोणाच्या गळ्याला फास लावण्यास वापरले जाईल, हे ठरविणे आपल्या हाती नव्हते.

आणि धनी परका असला म्हणजे एका फटकाऱ्यात कामही जाते. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे लंडनच्या बंदरात येऊ लागताच तेथील जहाज बांधणाऱ्यांनी आपला धंदा बुडाला म्हणून ओरड केली. १८१४ च्या सुमारास पार्लमेंटने असे कायदे केले की, हिंदी खलाशी ब्रिटिश खलाशी म्हणून गणला जाऊ नये आणि जहाजावरील तीनचतुर्थांश माणसे ब्रिटिश असावीत. कोकणचा आणि गुजरातचा खलाशी ज्या जहाजाचे भाडे स्वस्त ठेवीत होता, तो खलाशीच त्या जहाजाचा दोष ठरला! साग काही वाईट झाला नव्हता, कारागिरी काही उतरली नव्हती. दूरच्या एका सभागृहात एक कलम बदलले, एवढेच.

मग आली वाफ. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली आणि १८३० मध्ये ती सुवेझपर्यंत जाऊन आली. तिचे शरीर आपल्या कारागिरांनी घडविले होते, पण इंजिने विलायतेहून आणली होती. वाडिया घराण्यातील अर्देशीर खरशेटजी यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. म्हणजे बुद्धी कमी पडली असे म्हणता येत नाही. कमी पडले ते लोखंडाचे कारखाने, इंजिनांचे कारखाने आणि त्यांस आश्रय देणारे सरकार. लाकडाची जागा लोखंडाने घेतली, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबईची गोदी हळूहळू मोठी जहाजे बांधण्याऐवजी दुसऱ्यांच्या जहाजांची डागडुजी करणारी झाली.

येथून पुढची कहाणी भाड्याची. जमशेटजी टाटा यांनी १८९३ च्या सुमारास जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी संगनमत करून मुंबईचा कापूस व सूत पूर्वेकडे नेण्यासाठी स्वतंत्र बोटी सुरू केल्या. तेव्हा पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीने टनामागे १९ रुपये असलेले भाडे दीड रुपयापर्यंत खाली आणले. व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले. टाटांच्या बोटी तर स्वतःच्या नव्हत्या, भाड्याच्या इंग्रजी बोटी होत्या. त्या बंद पडल्या. तुतिकोरीनच्या चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली काढलेल्या स्वदेशी बोट कंपनीचीही गत तीच झाली. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्या भाडेयुद्धातील जपानी भागीदार मात्र टिकला. त्यास त्याच्या सरकारचे अर्थसाहाय्य होते. शिवाय १८९६ मध्ये जपानने खास कायदा करून देशात जहाजे बांधणाऱ्यास बक्षिसी देऊ केली. साठ वर्षांनी, १९५६ साली, जपान ब्रिटनलाही मागे टाकून जगातील सर्वांत मोठा जहाजबांधणी करणारा देश ठरला. दोघे एकाच लढाईत उतरले होते. एकाच्या पाठीशी त्याचे राज्य होते, दुसऱ्याच्या छातीवर परक्याचे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांस हा धडा पुरता कळला होता. नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी १९१९ साली सिंदिया कंपनी स्थापिली, ग्वाल्हेर दरबाराची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. या दिवसाची आठवण म्हणून आपण १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पुन्हा भाडेयुद्ध झाले. लॉर्ड इंचकेप यांच्या कंपन्यांपुढे टिकाव धरण्यासाठी सिंदियाला १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार पत्करावा लागला, त्यान्वये परदेशी मार्ग बंद झाले. किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आले, तेही तडीस गेले नाही. आपल्याच किनाऱ्यावर आपल्याच मालासाठी जागा मागावी लागत होती. मुलांस हे शिकविताना माझा आवाज चढत असे, हे कबूल करतो.

तरी वालचंदांनी जहाजे चालविण्यावर समाधान मानले नाही. ती येथेच बांधावयाची, हा त्यांचा ध्यास. मुंबई व कलकत्ता येथे मनाजोगी जागा मिळेना, म्हणून विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढल्या एप्रिलात त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम थांबले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ८,००० टनांचे 'जलउषा' पाण्यात सोडले. स्वतंत्र देशात बांधून झालेले ते पहिले मोठे जहाज.

येथे गौरवाचे चार शब्द लिहून थांबणे सोपे होते, पण इतिहास शिकविणाऱ्याने अर्धेच सांगू नये. विशाखापट्टणमची जहाजे विलायती जहाजांपेक्षा महाग पडत. पत्रे, इंजिने, पुष्कळसे सामान बाहेरून येई आणि वेळही फार लागे. किमतीतील फरक सरकारला भरून द्यावा लागला. १९५२ मध्ये सरकारने दोनतृतीयांश मालकी घेतली आणि १९६१ मध्ये संपूर्ण. पुढे सरकारी आश्रयाची ऊब इतकी सवयीची झाली की, जहाज वेळेवर देण्याची निकड ढिली पडली. खासगी मालकीत सारे सुरळीत झाले असते, असे मात्र माझे म्हणणे नाही. सिंदियाची जहाजेही आज समुद्रावर दिसत नाहीत. खरा दोष असा की, आपल्या जहाज कंपन्या आपली मागणी परदेशी गोद्यांकडे नेत राहिल्या. गोदीस सतत मागणी नसली, तर दर जहाज तिच्यासाठी पहिलेच जहाज असते, आणि पहिले जहाज नेहमी महाग पडते.

दक्षिण कोरियाकडे पाहा. १९७० पर्यंत त्या देशास मोठ्या जहाजबांधणीचा अनुभव नव्हता. ह्युंदाई कंपनीचे चुंग जू-युंग हे कर्ज मागण्यास लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी उल्सानच्या मोकळ्या किनाऱ्याचे चित्र तेवढे होते. "तुम्हांस जमेल कशावरून?" या शंकेवर त्यांनी खिशातून आपल्या देशाची ५०० वॉनची नोट काढली. तिच्यावर सोळाव्या शतकातील सेनापती यी सुन-सिन यांच्या कासवाकृती लढाऊ नौकेचे चित्र होते! एका ग्रीक मालकाने दोन प्रचंड तेलवाहू जहाजांची मागणी दिली. गोदी आणि जहाजे एकाच वेळी बांधली गेली, आणि १९७४ मध्ये दोन्हीही उभी होती. पण ही केवळ नोटेची करामत नव्हे. पोहांगचा पोलाद कारखाना १९७३ मध्ये सुरू झाला होता, इंजिनांचे कारखाने मागोमाग आले, आणि सरकार पाठीशी ठाम उभे होते. आज चीन एकटाच जगातील निम्म्याहून अधिक जहाजे बांधतो, त्याच्यामागे कोरिया व जपान. भारताचा वाटा एक टक्काही नाही.

मग आपल्यास काही येतच नाही काय? तसे मुळीच नव्हे. माझगाव गोदी १९६० साली सरकारच्या ताब्यात आली आणि १९७२ मध्ये तिने 'निलगिरी' ही युद्धनौका आरमारास दिली. आज तेथे विनाशिका व पाणबुड्या होतात. कोची येथे बांधलेली सुमारे ४५,००० टनांची विमानवाहू 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी आरमारात दाखल झाली. त्याच समारंभात आरमाराच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेले अष्टकोनी चिन्ह आले. तिच्यासाठी लागणारे विशिष्ट पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा आपल्या संशोधकांनी ते तयार केले आणि भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले. गोदीत सुमारे २,००० आणि बाहेरच्या कारखान्यांतून सुमारे १३,००० माणसांस तिने काम दिले. लढाऊ जहाजे आपल्यास जमतात आणि मालवाहू जमत नाहीत, यात गूढ काही नाही. लढाऊ जहाजांचा धनी आपले सरकार असते आणि ते मागणी घरच्याच गोदीस देते. व्यापारी जहाजाचा धनी जेथे स्वस्त तेथे जातो. १९८० च्या दशकात भारताच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई. आता तो वाटा दहा टक्क्यांच्याही आत आला आहे. परकीय जहाजांस दरवर्षी जाणारे भाडे सुमारे ६ लाख कोटी रुपये असल्याचे सरकारनेच सांगितले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत गोद्यांस अर्थसाहाय्य आहे, जहाजांसाठी दीर्घ मुदतीच्या भांडवलाची सोय आहे, आणि कारागिरांच्या शिक्षणाचाही विचार आहे.

या शेवटच्या बाबीपुरते आपल्या ज्ञातीतील पालकांसाठी लिहितो. माझ्या आजोबांच्या वेळी गोदीत वशिल्याशिवाय, ओळखीच्या मुकादमाशिवाय प्रवेश नसे, आणि करवत-रंधा चालविता आला म्हणजे पुरे होत असे. आता पोलाद जोडणारा वेल्डर, नळकाम करणारा फिटर, वीजतंत्री आणि आराखडे काढणारा यांची तेथे गरज असते. माझगाव गोदीत शिकाऊ उमेदवारांची भरती परीक्षेने होते. आठवी, दहावी आणि आय. टी. आय. उत्तीर्ण अशा तिन्ही प्रकारच्या मुलामुलींसाठी जागा असतात, आणि शिकत असता विद्यावेतनही मिळते. जाहिरात निघाली की मंडळाच्या कार्यालयातील फलकावर लावावी, अशी विनंती मी चिटणिसांस केली आहे. अर्ज भरण्यास कोणास अडचण वाटल्यास रविवारी सकाळी मी कार्यालयात बसलेला असतो.